आमच्या स्टुडिओतली पोरं (उमरगा, १९७८ ते २०१४)

काळापांढरा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा उमरग्याला फोटो स्टुडिओ होता. सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं उमरगा, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. १९७८ ला सुरू केला, २०१४ ला शटर ओढलं आणि पुण्याला मुलाकडे आलो. परवा माळा आवरताना ब्रोमाइड पेपरचं, म्हणजे फोटो छापायच्या कागदाचं, एक जुनं खोकं खाली आलं, आत टचिंगच्या (निगेटिव्हवरचे डाग बुजवायच्या) पेन्सिली, एक बारीक ब्रश आणि बटरपेपरची पाकिटं. खोक्यावर बाहेरून गावांची नावं लिहिलेली, सास्तूर, नारंगवाडी, मुरूम, आणि ते अक्षर माझं नाही. ते बघून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही, म्हणून लिहायला बसलो. पाटीवर आडनाव माझं होतं, गावात मान मला मिळाला, पण ज्या कामामुळे मिळाला ते काम करणारी पोरं कुठल्याच पाटीवर नव्हती. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नावं लिहीत नाही.

पहिला आला १९८१ ला. मॅट्रिकला गणितात गेलेला, वडील मोंढ्यात हमाल. सुरुवातीला काम म्हणजे झाडू मारायचा, पाणी भरायचं, गिऱ्हाइकाला आरसा-कंगवा द्यायचा. रंगवलेले दोन पडदे होते आमच्याकडे, एक बागेचा, एक जिन्याचा, कुणाला कुठला पाहिजे ते विचारून तो सोडायचा. पाचशे वॅटचे दोन फोटोफ्लड दिवे लावले की दहा मिनिटांत खोलीची भट्टी व्हायची आणि शेतातून आलेला माणूस घामाने ओला व्हायचा, तर हा पोरगा न सांगता पंचा घेऊन उभा. फेटा नीट बसवायला हात लावायच्या आधी "मामा, हात लावू का फेट्याला?" असं विचारायचा. मी स्वतः कधी विचारलं नव्हतं, त्याचं बघून विचारायला लागलो.

डार्करूम म्हणजे जिन्याखालची खोली, पाठ सरळ करायला जागा नाही. पेपर डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं रसायन, आम्ही घरीच बनवायचो, भिंतीला चिठ्ठी लावलेली, एका लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, कार्बोनेट साडेसदुसष्ट, ब्रोमाइड २. क्रम चुकवायचा नाही, आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट, कारण सगळं सल्फाइट आधी पडलं की मेटॉल विरघळत नाही. गणितात नापास झालेल्या ह्या पोराने आठ दिवसांत चिठ्ठी पाठ केली आणि महिन्याभरात अर्ध्या लिटरचं, तीन लिटरचं माप तोंडी सांगायला लागला, साडेसदुसष्टच्या पटीसकट.

पण त्याची खरी करामत एन्लार्जरवर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापायच्या यंत्रावर. आमच्या भागातला शेतकरी, उन्हाने रापलेला चेहरा आणि डोक्याला पांढराशुभ्र फेटा, अंगात पांढरं धोतर-सदरा. निगेटिव्हवर चेहरा विरळ येतो आणि फेटा दाट. सरळ एक्स्पोजर दिलं तर एकतर चेहरा काळा ठिक्कर पडतो नाहीतर फेट्याचा पेपर कोरा राहतो. मग तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा गोल तुकडा घेऊन चेहऱ्यावर सावली धरायची, नंतर तळहाताने चेहरा झाकून फेट्याला वेगळा उजेड द्यायचा, आणि हे सगळं हात सतत हलता ठेवून, नाहीतर कड दिसते. मला ते सोलापूरच्या एका उस्तादाने दोन वर्षांत शिकवलं होतं, ह्याने सहा महिन्यांत उचललं आणि माझ्यापेक्षा पुढे गेला. फेट्याचा प्रत्येक पीळ मोजून घ्यावा असा दिसायचा त्याच्या कॉपीत. लोक म्हणायचे मालकाचा हात चांगला आहे. मी गप्प बसायचो. आज त्याचं वाईट वाटतं, एकदा तरी त्याला बाहेर बोलावून सांगायला पाहिजे होतं की हात ह्याचा आहे.

धुण्याच्या बाबतीत तर तो माझंही ऐकायचा नाही. हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनातून, काढलेली कॉपी वाहत्या पाण्यात तासभर धुवायला हवी, नाहीतर चार-पाच वर्षांत पिवळी पडते, हे सगळ्या फोटोग्राफरला माहीत असतं. पण उमरग्यात वाहतं पाणी कुठलं, उन्हाळ्यात टँकर. मी म्हणायचो पंधरा मिनिटं बास. तो मागच्या विहिरीवरून घागरी आणायचा, तीन घमेली ओळीने लावायची, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, दर पाच मिनिटांनी पाणी बदलायचं. शेवटचं पाणी मग पुढच्या दिवशी झाडायला-पुसायला.

आता रजिस्टरचं सांगतो, त्यासाठीच हा धागा काढला. तेव्हा सोलापूरहून चांदी काढणारा एक माणूस दोन-तीन महिन्यांनी यायचा, वापरलेला हायपो कॅनमधे भरून न्यायचा आणि जुन्या निगेटिव्ह किलोवर. फिल्ममधे आणि हायपोमधे चांदी असते, ती काढून विकायचा. आम्हाला चार पैसे सुटायचे आणि खोकी रिकामी व्हायची, सगळेच द्यायचे, मीही द्यायचो. १९८४ ला एके दिवशी हा पोरगा खोक्यांवर हात ठेवून उभा राहिला, म्हणाला, "मालक, निगेटिव्ह इकू नका. हायपो द्या, निगेटिव्ह नका." मी म्हटलं अरे ठेवणार कुठं? तर म्हणे मी बघतो. वाण्याच्या दुकानातून दोनशेपानी वही आणली, ब्रोमाइडची रिकामी खोकी गावावार लावली, प्रत्येक निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटात, कडेच्या पारदर्शक पट्टीवर काळ्या शाईने नंबर. वहीत नंबर, गाव, नाव, आणि शेवटच्या रकान्यात ओळख पटेल असं काहीतरी, म्हणजे "पाटलाच्या वाड्याशेजारी", "डाव्या गालावर चामखीळ", "तिघी जावा एकत्र, मधली उमरग्याची". मला तो सगळा पोरखेळ वाटला पण कामात कसूर नव्हती म्हणून बोललो नाही. चार-पाच वर्षांत सात वह्या झाल्या.

दुसरी मुलगी होती. १९८८ ला आली. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दोन्ही ड्रॉइंग परीक्षा झालेल्या, आई शिवणकाम करायची. तालुक्याच्या गावात मुलगी स्टुडिओत कामाला ठेवली म्हणून बोलणारे बोलले, पण तिच्यामुळे बायका एकट्या फोटोला यायला लागल्या. पदर नीट करायला, केसातलं फूल फिरवायला आता बाईमाणूस होतं ना. तिचं काम टचिंगचं. निगेटिव्ह डेस्कवर लावायची, खालून आरशाने उजेड, टोकदार पेन्सिलीने एक-एक ठिपका. पेन्सिलीला इतकं टोक करायची की सुईसारखी. देवीचे व्रण बुजवायची, पण सुरकुत्या बुजवायची नाही. एकदा मी म्हटलं आजीबाईचा चेहरा जरा साफ कर, तर म्हणाली, "सर, आजीच्या घरचे ओळखणार नाहीत मग." ती मला सर म्हणायची, शाळेतली सवय.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा झोपलेले, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप. आमच्या भिंतींना तडे गेले, आम्ही वाचलो. उजाडता उजाडता कळायला लागलं की किल्लारी गेली, सास्तूर गेलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा हातभर मातीचा थर, माणसं झोपेत होती तिथेच गेली. जवळजवळ ८ हजार माणूस. मी कॅमेरा घेऊन गेलो होतो, काय काढलं ते लिहिणार नाही. वरून पाऊस.

दिवाळीच्या थोडं आधी पहिला माणूस आला. काउंटरसमोर उभा राहिला, बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला की बायकोचा एखादा फोटो तुमच्याकडं असंल का, घरात होता तो घरासंगं गेला. मी काय उत्तर द्यावं ह्या विचारात असताना आमचा पहिला पोरगा आत गेला आणि वही घेऊन आला. गाव विचारलं, नाव विचारलं, कुठल्या साली काढला असंल, यात्रेच्या आधी की नंतर. दहा मिनिटांत पाकीट काढलं. निगेटिव्ह उजेडासमोर धरून त्या माणसाला दाखवली, निगेटिव्हमधे चेहरा उलटा दिसतो, काळ्याचं पांढरं, पण त्याने ओळखली.

मग रोज. सकाळी शटर उघडायच्या आधी ओट्यावर माणसं बसलेली असायची. वीज गेली की कंदिलावर वह्या चाळायच्या, आली की प्रिंट. पहिल्याच दिवशी ठरलं की पैसे घ्यायचे नाहीत, आणि ते मी ठरवलं नाही, त्या दोघांनी ठरवून मला सांगितलं. एकट्याचा फोटो नसेल तर लग्नातल्या ग्रुपमधून चेहरा काढायचा. ग्रुपच्या निगेटिव्हवर चेहरा मुगाच्या दाण्याएवढा, तो मोठा केला की दाणे दाणे दिसतात, मग ही मुलगी कॉपीवर ब्रशने बसायची, एकेका चेहऱ्याला दोन-दोन दिवस. लहान पोरांचे फोटो मिळायचे नाहीत. तेव्हा पोराचा फोटो काढायचा तो एकदाच, जावळ काढायच्या आधी, नाहीतर शाळेच्या वेळी. एक बाई सलग तीन दिवस येऊन बसली, तिच्या पोराचा आमच्याकडे फोटोच नव्हता. ह्याने तिच्यासमोर सातही वह्या पहिल्यापासून वाचल्या, तिसऱ्या दिवशी तिच्या नणंदेच्या बारशाच्या फोटोत कडेला उभं अर्धं पोर सापडलं, टोपी घातलेलं. तेवढं अर्धं तिने नेलं.

तिसरा पोरगा २००१ ते २००९, त्याने मला डिजिटल शिकवलं, फोटोशॉप सेव्हन, श्रीलिपीत पत्रिकेची अक्षरं, करिझ्मा अल्बम. तो नसता तर दुकान दहा वर्षं आधीच बंद पडलं असतं. त्याच्याबद्दल सावकाश लिहीन, आज हात थकले.

---

माळरान

काका, वाचताना मधेच थांबावं लागलं. आमचं मूळ गाव औसा तालुक्यात. आमच्या घरी आजोबांचा हार घातलेला एकच फोटो आहे, तुम्ही म्हणता तसाच, चेहरा थोडा धूसर, आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर कुणाचातरी हात आहे. फक्त हात, माणूस नाही. लहानपणी मला त्या हाताची भीती वाटायची आणि घरात विचारलं तर कुणी नीट सांगायचं नाही. आज कळलं की तो ग्रुपमधून काढलाय. तुमच्या स्टुडिओतला नसावा, मागे लातूरचा शिक्का आहे.

काळापांढरा

माळरान, हो, तो ग्रुपमधलाच. आमच्याकडे ती मुलगी असे हात रंगवून काढून टाकायची, सदऱ्याच्या रंगाने. पण आधी विचारायची, हात कुणाचा आहे. भावाचा असेल आणि भाऊही गेला असेल तर लोक म्हणायचे राहू द्या ताई. तुमच्याकडे कदाचित असंच कुणीतरी राहू द्या म्हटलं असेल. घरात थोरलं कुणी असेल तर आता विचारून बघा.

केळीचीबाग

जळगावकडून रामराम. माझ्या मामांचा स्टुडिओ होता भुसावळला, मी सुट्टीत जायचो. मे महिन्यात ४५ डिग्री, डेव्हलपर २० डिग्रीला पाहिजे. मामांचा एक असिस्टंट होता, आम्ही त्याला बर्फवाला भाऊ म्हणायचो, तो सकाळी सायकलवरून बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणायचा आणि मोठ्या परातीत बर्फ, त्यात डेव्हलपरची डिश. थर्मामीटर फुटला होता तर कोपर बुडवून सांगायचा, लहान बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. एकदा बर्फ मिळाला नाही आणि मामांनी तसाच रोल धुतला तर इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा थर, मऊ पडून फिल्मवर जाळीसारख्या सुरकुत्या आल्या, अख्खं लग्न गेलं. त्या लोकांकडे पैसे परत द्यायला मामांबरोबर तोही गेला होता, चूक त्याची नसताना. तुम्ही उन्हाळ्यात काय करायचा?

काळापांढरा

केळीचीबाग, तुमच्या बर्फवाल्या भाऊंना माझा नमस्कार सांगा, असतील तिथे. आमच्याकडे बर्फ नेहमी मिळायचा नाही. आमच्या पोराने हायपोवरून युक्ती काढली होती. हायपोचे खडे पाण्यात टाकले की पाणी एकदम थंडगार पडतं, हात बधिर होईल इतकं. तर नवीन हायपो करायचा तो नेमका रोल धुवायच्या आधी, आणि त्या बादलीत डेव्हलपरची बाटली बुडवून ठेवायची. दोन्ही कामं एकदम. आणि हायपोत तुरटी, म्हणजे इमल्शन घट्ट राहतं. बाकी माठाचं पाणी आणि पहाटेची वेळ. एप्रिल-मे मधे रोल धुवायचे ते पहाटे चारला, त्यासाठी तो स्टुडिओतच झोपायचा.

अर्धाकप

धागा सुंदर आहे पण एक विचारायचं राहवत नाही, राग मानू नका. पगार किती देत होता? आणि त्या केमिकलमधे उघडे हात? माझे वडील दादरच्या एका स्टुडिओत डार्करूमला होते, बोटं कायम तपकिरी, नखं काळी आणि हिवाळ्यात कातडी फाटून रक्त यायचं. जेवताना आई भाकरी मोडून द्यायची त्यांना. मालकाच्या आठवणीत सगळं छान असतं, म्हणून विचारलं.

काळापांढरा

अर्धाकप, बरं झालं विचारलंत. पहिल्याला १९८१ ला महिना ६० रुपये देत होतो, दुपारचं जेवण आमच्या घरी. १९९० ला ४५० झाले. कमीच होते. तेव्हाही कमी होते, तालुक्यात हाच भाव आहे असं म्हणून मी स्वतःची समजूत काढायचो. हाताचं म्हणाल तर मेटॉलने कातडीला खाज सुटते, काहींना जास्त होतं, त्याला झालं. बोटांच्या बेचक्यात फोड. चिमटे होते पण चिमट्याने कॉपीवर ओरखडे येतात म्हणून तो हातानेच हलवायचा आणि मी चांगलं काम म्हणून कौतुक करायचो. रबरी हातमोजे सोलापुरात मिळत होते. मी आणले नाहीत. तुमच्या वडिलांबद्दल वाचून आज फार लागलं. ते आहेत का?

अर्धाकप

नाहीत, २००८ ला गेले. तुम्ही सरळ उत्तर दिलंत ते पोचलं. त्यांच्या कपाटात अजून हायपोचा वास येतो, आई ते कपाट धुवू देत नाही.

गोदाकाठ

नाशिककर असल्यामुळे एक भर घालतो. दादासाहेब फाळक्यांचंही सुरुवातीचं काम फोटोग्राफीचं, गोध्र्याला स्टुडिओ होता त्यांचा. आणि १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा डार्करूमची असिस्टंट कोण, तर सरस्वतीबाई. त्या काळी कच्च्या फिल्मला भोकं पाडलेली नसायची, ती अंधारात बसून त्या पाडायच्या. केमिकल कालवायच्या, फिल्म धुवायच्या, शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायच्या आणि वर सगळ्या माणसांचा स्वयंपाक, शिवाय पैशासाठी दागिने दिले ते वेगळंच. दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार आहे, सरस्वतीबाईंच्या नावाचं काही माझ्या ऐकिवात नाही. तुमच्या त्या टचिंगवाल्या ताईंबद्दल वाचताना हेच डोक्यात होतं. त्या पुढे काय करतात?

काळापांढरा

गोदाकाठ, फिल्मला भोकं पाडण्याचं मला माहीत नव्हतं, आणि ते अंधारात चाचपत करायचं म्हणजे काय ते डार्करूममधे काम केलेल्यालाच कळेल. आमची ताई १९९४ ला गेली, एटीडी (चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा) केलं, जिल्हा परिषदेच्या नाही पण एका संस्थेच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली, आता रिटायर होत आलीय. भूकंपाच्या कामात तिचे डोळे बिघडले, चष्म्याचा नंबर त्या हिवाळ्यातच लागला. जाताना तिने टचिंगचा डेस्क मागितला, मी दिला. तिच्या घरी त्यावर आता नात अभ्यास करते.

वेंगुर्लाबंदर

निगेटिव्ह आत्ता कुठे आहेत? आमच्याकडे कोकणात पावसाने बुरशी धरते, माझ्याकडच्या वडिलांच्या निम्म्या फिल्म नक्षी पडून गेल्या. एक कळकळीची विनंती, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आत दमटपणा अडकतो आणि एकमेकांना चिकटतात. बटरपेपरची पाकिटं चांगली, पण इतक्या वर्षांत पिवळी पडली असतील तर बदला. आणि स्कॅनरला पैसे घालायचे नसतील तर टॅबवर पांढरा स्क्रीन लावून त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, वर निगेटिव्ह, आणि मोबाईलने फोटो काढून त्याचे रंग उलटे करायचे, काळ्याचं पांढरं. अ‍ॅक्रिलिक मधे नसेल तर स्क्रीनचे ठिपके येतात. सिक्स बाय सिक्सची (सहा सेंटिमीटर चौकोनी) निगेटिव्ह मोठी असते, मोबाईलनेही छान येते.

काळापांढरा

वेंगुर्लाबंदर, उपयोगी लिहिलंत, अ‍ॅक्रिलिकचं उद्याच बघतो. निगेटिव्ह माझ्याकडे नाहीत. १९९६ ला पहिल्याने नारंगवाडीला स्वतःचा स्टुडिओ काढला तेव्हा सात वह्या आणि सगळी खोकी त्याला दिली, माझ्याकडे चुकून निगेटिव्ह नसलेलं हे एकच खोकं राहिलं. आमच्या हवेत बुरशी नाही, पण धूळ आणि उंदीर. त्याने पत्र्याची दोन कपाटं करून घेतलीत. त्याच्या पहिल्या वर्षाच्या कमाईतली.

चहाकांदापोहे

काका, एक शंका. त्यांना १९८४ ला अचानक का वाटलं निगेटिव्ह जपाव्यात? तुम्ही लिहिलंय पोरखेळ वाटला. तेव्हा तर कुणीच जपत नव्हतं, तुम्हीच म्हणता सगळे विकत होते. विचारलंत कधी?

काळापांढरा

नाही विचारलं. शिस्तीचा होता, नीटनेटका, त्यामुळे असंल असंच धरून चाललो. फोन करतो आज.

माळरान

आत्याला फोन केला. हात धाकट्या चुलत आजोबांचा आहे. ते पण त्याच रात्री गेले. आजीनेच सांगितलं होतं म्हणे स्टुडिओवाल्याला, हात काढू नका. एवढी वर्षं मी त्या हाताला घाबरत होतो.

केळीचीबाग

माळरान 🙏

काळापांढरा

माळरान, वाचलं. फोटो खाली काढून मागची बाजू बघा, लातूरच्या त्या स्टुडिओतही कुणीतरी नंबर घातला असेल तर पेन्सिलीने असेल.

काल रात्री बोललो आमच्या त्या पहिल्या पोराशी. त्याच्या नातवाने हा धागा त्याला मोबाईलवर वाचून दाखवला, त्याला आता बारीक अक्षर दिसत नाही. आधी हसला, म्हणाला, "मालक, घमेली तीन नव्हती, चार होती." मग मी विचारलं, निगेटिव्ह इकू नका असं तुला का वाटलं होतं रे तेव्हा?

बराच वेळ बोलला नाही. मग सांगितलं. १९८४ च्या उन्हाळ्यात मी लग्नाच्या ऑर्डरीला निलंग्याला गेलो होतो, दुकानात तो एकटा. सास्तूरची एक बाई आली. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीचा फोटो आम्ही काढला होता, मुलगी गोवराने गेली, घरातली कॉपी पोरीच्या चितेवर कुणीतरी ठेवली. तिला अजून एक कॉपी पाहिजे होती, पैसे घेऊन आली होती, रुमालाला गाठ मारून. त्याने सगळी खोकी उलटीपालटी केली. निगेटिव्ह आदल्याच महिन्यात सोलापूरला गेली होती, किलोवर.

"तिला काय सांगावं म्हणून म्या खोटं सांगितलं," म्हणाला. "म्हणलं, मावशी, फिल्म जळाली, आग लागली हुती. ती म्हणली, बरं झालं लेकरा तुला काय झालं न्हाई ते. आन् गेली." हे त्याने मला तेव्हा सांगितलं नाही, निगेटिव्ह मीच विकल्या होत्या म्हणून. चाळीस वर्षं सांगितलं नाही.

मी म्हटलं ती बाई भूकंपानंतर आली होती का कधी? तर म्हणाला, "न्हाई आली. म्या वाट बघितली. नंबर एकची जागा मोकळी ठिवलीया वहीत, तिच्या पोरीची. तुमी बघितलं न्हाई कधी? वही दोनापासून सुरू हुती."

पुढच्या आठवड्यात नारंगवाडीला जातोय. वेंगुर्लाबंदर, अ‍ॅक्रिलिकचा तुकडा किती जाडीचा घ्यायचा ते सांगून ठेवा.

वेंगुर्लाबंदर

३ मिलिमीटर पुरे काका. दुधी घ्या, पारदर्शक नको. दोन तुकडे घ्या, एक त्यांच्याकडे ठेवून या.